घरचे मैदान आणि मुका प्रेक्षक

महाविद्यालयांच्या सामन्यांना गर्दी होत नाही आणि जी थोडी मंडळी येतात तीही गप्प बसून असतात, ही तक्रार आपल्या नगर जिल्ह्यात नवी नाही. फुटबॉल असो, कबड्डी असो की खो-खो असो. यजमान महाविद्यालयाचा संघ आपल्याच मैदानावर उतरतो तेव्हा कडेला पाच-पन्नास विद्यार्थी, दोन-चार क्रीडाशिक्षक आणि पाहुण्या संघांतील राखीव खेळाडू एवढाच काय तो प्रेक्षकवर्ग दिसतो. गोल झाला की टाळ्या पडतात, पण त्या बहुधा खेळाडूंच्याच. परगावाहून आलेल्या संघाला आपण परक्या मैदानावर खेळत आहोत असे वाटतच नाही. कारण घरच्या संघालाही ते मैदान घरचे वाटत नसते. असे का व्हावे, याचा थोडा शांतपणे विचार करावा एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

या प्रश्नाची दोन उत्तरे आपल्याकडे तोंडपाठ आहेत. एक असे की, मराठी माणूस स्वभावतःच थंड. त्याला आरडाओरडा जमत नाही. दुसरे असे की, हल्लीच्या मुलांचे डोळे मोबाईलला चिकटलेले, त्यांना मैदानाचे काय होय? ही दोन्ही उत्तरे सोपी आहेत, आणि आमच्या मते दोन्ही चुकीची आहेत. २०२५ सालच्या जानेवारीअखेरीस सदुसष्टावी महाराष्ट्र केसरी कुस्ती स्पर्धा आपल्याच शहरात भरली. २ फेब्रुवारीला अंतिम लढत झाली आणि पृथ्वीराज मोहोळ महाराष्ट्र केसरी झाला. त्या दिवसांत नगर शहरात जी गर्दी लोटली ती कोठून आली? ती काही परदेशातून आलेली नव्हती. तालुक्यातालुक्यांतून, जीपमधून, एस.टी.तून, मोटारसायकलवरून ती आली होती. तिच्यात तरुण मुले भरपूर होती आणि त्यांच्या खिशांत मोबाईलही होते. गावोगावच्या जत्रांतले कुस्त्यांचे फड आजही भरतात आणि आखाड्याभोवती माणूस माणसाला चिकटून बसतो. तेव्हा उत्साहाचा तुटवडा आहे असे म्हणता येत नाही. आपल्या जिल्ह्यातल्या पाण्यासारखी ही गोष्ट आहे. उत्तरेकडे प्रवरेच्या पाटांवर ऊस उभा राहतो आणि दक्षिणेकडे पाथर्डी-जामखेडला माणसे टँकरची वाट पाहतात. पाणी असते, पण पाट कोणीकडून काढला आहे यावर शिवार हिरवे होणे अवलंबून असते. म्हणून उत्साहाचे पाट कोठून कोठे गेले आहेत, ते पाहिले पाहिजे.

प्रथम जत्रेतल्या कुस्तीचेच उदाहरण घेऊ. तेथे प्रेक्षक का ओरडतो? पहिले कारण असे की, आखाड्यातला मल्ल कोणाचा तरी असतो. तो अमक्या गावचा, तमक्या तालमीचा, फलाण्या वस्तादाचा पठ्ठ्या असतो. त्याच्या विजयाने एका गावाची मान वर होते. दुसरे कारण असे की, पाहणाऱ्याला खेळ कळतो. धोबीपछाड, कलाजंग, ढाक, एकेरी पट हे शब्द शेतकऱ्याच्या पोराला शाळेत जाण्यापूर्वी ठाऊक असतात. कारण रेवड्यांवरच्या कुस्तीत त्याने स्वतः माती अंगाला लावलेली असते. तिसरे कारण, जत्रेचा दिवस पंचांगाने ठरलेला असतो. तो कोणाला कळवावा लागत नाही. लेकी माहेरी येतात, मुंबई-पुण्याला गेलेले चाकरमाने गावी येतात. आणि चौथे कारण म्हणजे हलगी. हलगीच्या ठेक्याने माणसाला एकट्याने ओरडण्याचा संकोच राहत नाही; सगळ्यांचा मिळून एक आवाज होतो. आपलेपणा, जाण, ठरलेली वेळ आणि सामुदायिक रीत या चार गोष्टी जेथे एकत्र येतात तेथे उत्साह आपोआप दिसतो. यांतली एक कमी पडली तरी चालते. चारही नसतील तर प्रेक्षक दगडासारखा बसून राहतो.

कोल्हापूरच्या फुटबॉलवरून हीच गोष्ट ध्यानात येते. फुटबॉल हा काही आपल्या मातीतला खेळ नव्हे. आपल्या देशात तो मुख्यत्वे इंग्रजांच्या लष्करी छावण्यांतून आणि शाळा-महाविद्यालयांतून पसरला. छावणी तर आपल्या नगरलाही आहे, जुन्या मिशनच्या शाळाही आहेत. मग कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर स्थानिक सामन्याला जी झुंबड उडते ती नगरला का उडू नये? तेथल्या संघांची नावे पाहिली की उलगडा होतो. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ! फुटबॉल परका, पण त्याला आसरा दिला तो तालमीने; आणि तालीम म्हणजे पेठ. कुस्तीच्या पाटातून फुटबॉलला पाणी मिळाले. पेठेतल्या म्हातारीलाही आपला संघ जिंकला की हरला हे ठाऊक असते, मग तिला ऑफसाइडचा नियम कळो वा न कळो.

आता महाविद्यालयाच्या संघाकडे वळू. पुणे विद्यापीठ १९४९ साली स्थापन झाले आणि आज ते सावित्रीबाई फुले यांच्या नावाने ओळखले जाते. त्याच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा विभागवार होतात आणि आपला जिल्हा हा त्यांतला एक विभाग आहे. विभागातल्या सामन्यांतून विभागाचा संघ निवडला जातो, विभागाविभागांत सामने होतात, त्यांतून विद्यापीठाचा संघ तयार होतो आणि तो आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो. खेळाडू निवडण्यासाठी ही व्यवस्था ठीक आहे. परंतु प्रेक्षक निर्माण करण्याचा विचार तिच्यात कोठेही नाही. एकेका खेळाच्या स्पर्धेचे यजमानपद एकेका महाविद्यालयाकडे जाते. यंदा एका तालुक्याला, पुढल्या वर्षी दुसऱ्या. त्यामुळे एखादा संघ वर्षभरात आपल्या मैदानावर एकही सामना खेळत नाही असे सहज घडते. सामने बहुधा बाद पद्धतीचे. सकाळी हरला की दुपारी संघ परतीच्या वाटेला लागतो आणि वर्षाचा खेळ संपतो. आज हरलो, पण पंधरा दिवसांनी त्यांना आपल्या मैदानावर पाहून घेऊ, असे म्हणायला जागाच नाही. चुरस ही आठवणीवर वाढते. ज्या सामन्याला मागचे काही नाही आणि पुढचेही काही नाही, त्याची आठवण कोण ठेवणार?

शिवाय वेळ पाहावी. सामना आठवड्यातल्या कामाच्या दिवशी, सकाळी अकराच्या उन्हात. त्या वेळी दुकानदार गल्ल्यावर, कारकून कचेरीत आणि शेतकरी रानात असतो. राहता राहिला विद्यार्थी. आपला जिल्हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा, सतरा हजार चौरस किलोमीटरांहून अधिक. महाविद्यालयातली किती तरी मुले एस.टी.च्या पासावर पंधरा-वीस मैलांवरून येतात. दुपारची गाडी चुकली तर घरी पोचायला रात्र होते. त्या मुलाला 'तुला आपल्या महाविद्यालयाचा अभिमान नाही का?' असे विचारणे म्हणजे भुकेल्या माणसाला उपासाचे महत्त्व सांगण्यासारखे आहे.

याउलट पुष्कळ ठिकाणी मंडळांचे कबड्डीचे सामने रात्री दिव्यांच्या उजेडात होतात. कामावरून आलेला माणूस जेवून, हात धुऊन, मुलाला खांद्यावर घेऊन तेथे जातो. खेळ तोच, माणसे तीच. फरक घड्याळाचा आहे.

अमेरिकेत महाविद्यालयांच्या फुटबॉलला, म्हणजे त्यांच्या पद्धतीच्या फुटबॉलला, जी गर्दी होते ती जगात प्रसिद्ध आहे. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये एक लाखाहून अधिक माणसे बसतात. तेथे हा खेळ १८६९ सालच्या रटगर्स व प्रिन्स्टन यांच्या सामन्यापासून सुरू झाला. पुढे त्याला गाणी, वाद्यवृंद आणि प्रेक्षकांकडून एका सुरात घोषणा म्हणवून घेणारे पुढारी मिळाले. हा शेवटचा प्रकार १८९८ साली मिनेसोटा विद्यापीठात सुरू झाल्याचे सांगतात. टेक्सासमधील ए. अँड एम. विद्यापीठात तर विद्यार्थी सामना संपेपर्यंत उभे राहतात. १९२२ सालच्या एका सामन्यात संघातले खेळाडू एकामागून एक जायबंदी होत गेले, तेव्हा प्रेक्षकांत बसलेल्या गिल नावाच्या विद्यार्थ्याला बोलावून गणवेश चढवून तयार ठेवण्यात आले. खेळण्याची पाळी त्याच्यावर आली नाही. पण अकरा जणांच्या संघाचा बारावा माणूस म्हणजे प्रेक्षक, ही कल्पना तेथे रूढ झाली आणि आजही विद्यार्थी त्या आठवणीखातर उभे राहतात. या सर्वांच्या मागे साध्या गोष्टी आहेत. सामना शनिवारी असतो. वर्षाचे वेळापत्रक कितीतरी आधी जाहीर होते. निम्मे सामने घरी, निम्मे बाहेर असतात. आणि पदवी घेऊन गेलेला मनुष्य वीस वर्षांनीही आपल्या मुलाबाळांना घेऊन तेथे येतो.

तथापि तेथेही सारे आलबेल नाही, हे सांगितले पाहिजे. दूरचित्रवाणीच्या जाहिरातींसाठी खेळ वारंवार थांबतो, सामना साडेतीन तास लांबतो आणि विद्यार्थी मध्यावरच उठून जातात. अलाबामा विद्यापीठाचा संघ तर वर्षानुवर्षे जिंकत आलेला. तरीही विद्यार्थी शेवटपर्यंत बसत नाहीत म्हणून २०१९ साली तेथे मोबाईलद्वारे नोंद ठेवून, अखेरपर्यंत थांबणाऱ्याला गुण देण्याची व त्या गुणांवर पुढील महत्त्वाच्या सामन्यांच्या तिकिटांत अग्रक्रम देण्याची योजना काढावी लागली. यावरून दोन गोष्टी शिकता येतात. केवळ जिंकण्याने प्रेक्षक टिकत नाही. आणि हजेरी घेऊन माणूस बसवता येतो, त्याचे मन बसवता येत नाही. आपल्याकडे वर्ग सोडून विद्यार्थ्यांना रांगेने मैदानावर आणून बसवण्याचा जो प्रघात आहे, त्याचेही फळ याहून वेगळे नाही.

आपल्या राज्याच्या क्रिकेटच्या इतिहासातही या विषयाचा एक बोलका पुरावा आहे. मुंबईत हिंदू, पारशी, मुसलमान, युरोपियन अशा संघांचे चौरंगी सामने होत. १९३७ साली 'रेस्ट' हा संघ येऊन ते पंचरंगी झाले. त्यांना प्रचंड गर्दी लोटे. रणजी करंडकाचे प्रांतवार सामने १९३४ सालीच सुरू झाले होते, पण प्रेक्षकांचे मन पंचरंगीत होते. जातिधर्मावर संघ पाडणे देशाला घातक, अशी टीका वाढत गेली. १९४० साली गांधीजींनीही आपली नापसंती व्यक्त केली, आणि १९४६ साली ते सामने कायमचे बंद झाले. हे योग्यच झाले. परंतु ती गर्दी जशीच्या तशी रणजी सामन्यांकडे गेली नाही. म्हणजे गर्दी क्रिकेटची होती तितकीच आपल्या-परक्याच्या भावनेची होती. जुना, अनिष्ट आपलेपणा गेला. त्याच्या जागी नवा, निकोप आपलेपणा रुजवण्याचे काम मात्र कोणी हाती घेतले नाही. २०२५ साली, नगरला महाराष्ट्र केसरीची धूम चालू असतानाच, विराट कोहली बारा वर्षांनंतर दिल्लीकडून रणजी सामना खेळला. हजारो माणसे आली. तो सहा धावांवर बाद होताच बरीचशी उठून गेली. दिल्लीचा संघ तेथेच होता, खेळही चालू होता. माणसे संघासाठी आलेली नव्हती.

मग अशा सुकलेल्या मैदानावर काहीच करता येत नाही काय? २०१८ सालच्या जूनमधली मुंबईची गोष्ट याचे उत्तर देते. १ जूनला अंधेरीच्या मैदानावर भारताच्या फुटबॉल संघाने चिनी तैपेईचा ५-० असा पराभव केला. कप्तान सुनील छेत्रीने तीन गोल केले. प्रेक्षक किती होते? अवघे २,५६९. दुसऱ्या दिवशी छेत्रीने एक चित्रफीत प्रसिद्ध करून लोकांना हात जोडून विनवले की, आमच्यावर टीका करा, हवे तर दोष द्या, पण मैदानावर येऊन ते करा. ४ जूनला केनियाविरुद्धच्या सामन्याची तिकिटे संपली. मुंबईचा पाऊस कोसळत होता, तरी माणसे भिजत बसली आणि भारत ३-० असा जिंकला. तीन दिवसांत मुंबईकरांचा स्वभाव बदलला असे कोण म्हणेल? त्यांना कोणी तरी, आपल्या तोंडाने, या म्हणून सांगितले, एवढेच घडले होते.

येथे एखादा चिकित्सक वाचक विचारील की, खेळ हा खेळणाऱ्यासाठी असतो. बघे आले काय आणि न आले काय, बिघडले कोठे? याचा विचार शास्त्रज्ञांनी केलेला आहे. रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६५ साली असे मांडले की, पाहणारा असला म्हणजे मनुष्याला चांगले अंगवळणी पडलेले काम अधिक चांगले होते आणि कच्चे असलेले काम अधिक बिघडते. म्हणजे प्रेक्षकाची सवय नसलेला खेळाडू जेव्हा एकदम मोठ्या मैदानावर जातो तेव्हा त्याचे कच्चे दुवे उघडे पडतात. इंग्लंडमध्ये २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात चाळीस पंचांना एकाच फुटबॉल सामन्याची दृश्ये दाखवली. काहींना गर्दीच्या आवाजासह, काहींना आवाज बंद करून. आवाज ऐकणाऱ्यांनी घरच्या संघाविरुद्ध सुमारे पंधरा टक्के कमी फाउल दिले. २०२० साली करोनाच्या साथीत युरोपातले सामने रिकाम्या मैदानांवर झाले, तेव्हा घरच्या संघाचे पारडे पूर्वीइतके जड राहिले नाही असे अभ्यासकांना आढळले. तेव्हा प्रेक्षक हा मैदानाबाहेर बसलेला असला तरी खेळाबाहेर नसतो.

परंतु आम्हाला याहून महत्त्वाची वाटते ती निराळीच गोष्ट. आपल्या महाविद्यालयात खो-खो खेळणारी खेड्यातली मुलगी डोळ्यांसमोर आणावी. पहाटे उठून ती सराव करते, दोन गाड्या बदलून सामन्याला जाते. तीन वर्षांत तिच्या आईवडिलांनी तिचा एकही सामना पाहिलेला नसतो. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी तर नाहीच. तिच्या हाती राहते ते प्रमाणपत्र. प्रमाणपत्राला मोल आहे. शासनाच्या नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत, हे चांगलेच आहे. पण ज्या खेळाचा साक्षीदार केवळ कागद, तो खेळ कागद मिळाला की संपतो. लग्नाचा विषय निघाला की त्या मुलीच्या बाजूने, 'थांबा, हिचा खेळ आम्ही पाहिला आहे' असे म्हणणारा गावात कोणी नसतो. मुलगा असला तर तो पुण्या-मुंबईची वाट धरतो. झहीर खान श्रीरामपूरचा; २०११ सालच्या विश्वचषकात एकवीस बळी घेणारा. पण त्याच्या गोलंदाजीला आकार आला तो मुंबई, चेन्नई आणि बडोदे येथे. अजिंक्य रहाणेचा जन्म संगमनेर तालुक्यातील आश्वी खुर्दचा, परंतु त्याचा खेळ वाढला डोंबिवली-मुंबईत. हे दोघे मोठे झाल्यावर आपण त्यांना आपले म्हणतो, ते स्वाभाविक आहे. आज जो मोठा झालेला नाही, त्याला आपले म्हणायला मात्र आपण मैदानावर नसतो.

उत्साह म्हणजे धुडगूस नव्हे, हेही येथे सांगून ठेवले पाहिजे. ज्या महाराष्ट्र केसरीचा वर उल्लेख केला, तिच्याच शेवटच्या दिवशी पंचाला लाथ मारण्याचा प्रकार घडला आणि पुढे दोन मल्लांवर तीन वर्षांची बंदी आली. कोल्हापूरच्या फुटबॉलमध्येही ईर्ष्येपायी हाणामाऱ्या झालेल्या आहेत. आपल्याकडे अनेक प्राचार्य विद्यार्थ्यांना गप्प बसवतात ते या भीतीने, आणि ती अगदीच निराधार नाही. तथापि पूर येतो म्हणून कोणी पाट बुजवत नाही. त्याला दारे बसवतो. पाहुण्या संघाच्या चांगल्या खेळालाही टाळी द्यावी, पंचाला शिवी देऊ नये, हे शिकवायचे तर प्रेक्षक आधी मैदानावर आला पाहिजे. रिकाम्या बाकांना शिस्त कोण लावणार?

उपाय खर्चाचे नाहीत. विद्यापीठाच्या स्पर्धा आहेत तशाच चालू द्याव्यात; त्यांखेरीज शेजारच्या दोन महाविद्यालयांनी दरसाल दोन सामने ठरवावेत, एक यांच्या मैदानावर व एक त्यांच्या, आणि वार कायमचा रविवारचा, वेळ ऊन उतरल्यानंतरची. आपल्या शहरात नगर महाविद्यालय १९४७ पासून आहे, संगमनेरचे महाविद्यालय १९६१ पासून. त्यांचे जुने विद्यार्थी आज गावोगाव वकील, डॉक्टर, शिक्षक, दुकानदार आहेत. त्यांना वर्षातून दोनदा बोलवावे. खेळ समजावून सांगणारा एखादा मराठी निवेदक ध्वनिक्षेपकावर बसवावा, म्हणजे नवख्यालाही कळेल की टाळी कोठे द्यायची. हलगी, लेझीम, झांजपथक आपल्याकडे घरोघर आहे; ते केवळ मिरवणुकीपुरते का ठेवावे? खेळाडूंच्या आईवडिलांसाठी पुढल्या रांगेत जागा राखावी. आणि उद्घाटनाची भाषणे पाच मिनिटांत आटोपावीत. कबड्डीचा पुरुषांचा सामना चाळीस मिनिटांचा. त्याच्या आधी तासभर भाषणे झाली तर प्रेक्षकाचा उत्साह नाणेफेकीपूर्वीच संपतो.

न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानांचा उपक्रम सुरू केला, तेव्हा उन्हाळ्याच्या संध्याकाळी विचार ऐकायला घराबाहेर पडण्याची सवय या महाराष्ट्राला नव्हती. ती लावून घ्यावी लागली, आणि आज ती इतकी अंगवळणी पडली आहे की ठराविक वेळ झाली म्हणजे पावले आपोआप मंडपाकडे वळतात. ज्या गावाला ऐकण्याची सवय लागते त्याला पाहण्याचीही लागू शकेल. पावसाळा ओसरला की महाविद्यालयांचे सामने सुरू होतील. आपल्या आळीतला कोणता मुलगा, कोणती मुलगी कोणत्या संघात आहे आणि त्यांचा सामना कोठे व कधी आहे, एवढे विचारून ठेवावे; आणि त्या दिवशी जाऊन, त्यांचे नाव घेऊन, एकदा मोठ्याने हाक मारावी.